प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू आणि वनस्पतींतील रसायने

जखमेतील पू किंवा लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की दोन-तीन दिवसांनी एक अहवाल हाती येतो. त्यात प्रतिजैविकांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि प्रत्येकासमोर त्या औषधाचा संबंधित जिवाणूवर परिणाम होतो की नाही, याची नोंद असते. काही वर्षांपूर्वी या यादीत ‘परिणाम होत नाही’ असा शेरा एखाद-दुसऱ्या औषधापुढे दिसे. आता काही रुग्णांच्या अहवालात तो जवळजवळ प्रत्येक ओळीत दिसतो. अशा वेळी घरातील मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात : हळद, लसूण, कडुनिंब, दारुहळद यांतून काही मार्ग निघणार नाही का? हा प्रश्न भाबडा नाही. जगभरातील अनेक प्रयोगशाळा गेली काही दशके याच प्रश्नामागे लागल्या आहेत. त्यांच्या हाती काय लागले, काय लागले नाही आणि रुग्णाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

रोधकता म्हणजे काय?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनीच इशारा दिला होता, की औषधाची मात्रा अपुरी पडली तर जिवाणू त्याला सरावतील. तो लवकरच खरा ठरला. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन हे औषध आले आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मेथिसिलिनलाही न जुमानणारे वाण सापडले. आज ‘एमआरएसए’ या नावाने तेच ओळखले जातात.

जिवाणूंचे बचावाचे मार्ग मुख्यतः चार आहेत. पहिला, औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करणे. कार्बापेनेम या राखीव गटातील औषधेही निकामी करणारे ‘एनडीएम-१’ हे विकर याच प्रकारचे. दुसरा, औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते त्याची घडण बदलणे. एमआरएसए हेच करतो. तिसरा, बाह्य आवरणातील वाटा अरुंद करून औषधाला आत येऊच न देणे. चौथा, आत आलेले औषध पेशीपटलातील पंपांद्वारे बाहेर फेकून देणे. याशिवाय अनेक जिवाणू एकत्र येऊन स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराच्या आड औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही.

या समस्येची व्याप्ती ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासावरून कळते. २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या रोधकतेमुळे थेट झालेल्या मृत्यूंची संख्या त्यात सुमारे १२ लाख ७० हजार, तर रोधकतेशी संबंध असलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे ४९ लाख ५० हजार इतकी अंदाजिली आहे. नवी प्रतिजैविके मात्र फारच संथ गतीने येत आहेत.

वनस्पतींकडे का वळावे?

वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. मुळांभोवतीच्या मातीत, पानांवर, खोडाच्या जखमांवर असंख्य जिवाणू आणि बुरशी सतत असतात. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी तिने हजारो प्रकारची रसायने विकसित केली आहेत. दारुहळदीतील बर्बेरिन, चित्रकाच्या मुळातील प्लम्बाजिन, ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, लसणीतील अॅलिसिन, चहातील कॅटेचिने ही त्यांपैकी काही.

तरीही एक वस्तुस्थिती सुरुवातीलाच नोंदवायला हवी. रुग्णालयांत आज वापरली जाणारी प्रमुख प्रतिजैविके बुरशी आणि मातीतील जिवाणूंपासून मिळालेली, त्यांच्यावर प्रक्रिया करून घडवलेली किंवा पूर्णपणे कृत्रिम आहेत. पेनिसिलिन बुरशीपासून आले, तर १९४३ मधील स्ट्रेप्टोमायसिन मातीतील स्ट्रेप्टोमायसिसपासून. वनस्पतींनी हिवतापावर क्विनीन आणि आर्टेमिसिनिन दिले, परंतु हिवतापाचा परजीवी जिवाणू नव्हे. जिवाणूंवर पोटातून वा शिरेतून देता येईल असे प्रमुख प्रतिजैविक वनस्पतींनी अद्याप दिलेले नाही.

याचे कारण मात्रेत आहे. जिवाणूची वाढ थांबवायला लागणाऱ्या किमान प्रमाणावरून औषधाची ताकद मोजतात. सूक्ष्मजीवांपासून मिळालेल्या नेहमीच्या प्रतिजैविकांना मिलिलिटरमागे साधारण ०.०१ ते १० मायक्रोग्रॅम पुरतात. वनस्पतींतील बहुसंख्य रसायनांना १०० ते १००० मायक्रोग्रॅम लागतात. काचेच्या बशीत इतके प्रमाण सहज ठेवता येते, माणसाच्या रक्तात ते सुरक्षितपणे साधता येत नाही.

बर्बेरिनची गोष्ट

ही रसायने इतकी दुबळी असतील, तर वनस्पती स्वतःचे रक्षण कसे करतात? अमेरिकेतील किम लुईस आणि फ्रँक स्टर्मिट्झ यांच्या गटाने २००० साली या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर दिले.

बर्बेरिन हे पिवळ्या रंगाचे अल्कलॉइड आहे. हिमालयातील दारुहळद आणि तिच्या वर्गातील इतर झुडपांत ते आढळते. दारुहळदीच्या काढ्यापासून करतात त्या रसांजनाचा पिवळेपणाही त्याचाच. बर्बेरिनवर धन विद्युतभार असल्याने ते जिवाणूच्या पेशीत ओढले जाते आणि तेथील डीएनएला चिकटते. म्हणजे औषध म्हणून ते चांगले असायला हवे. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये ‘नॉर-ए’ नावाचा पंप असतो. तो बर्बेरिन आत येताच बाहेर काढतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे बाहेर काढणारा पंपही हाच.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उगवणाऱ्या बर्बेरिस फ्रेमोंटी या झुडपात बर्बेरिनसोबत आणखी एक रसायन असल्याचे या संशोधकांना आढळले : पाच-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन. त्याचा एकट्याचा जिवाणूंवर काही परिणाम होत नाही. ते फक्त नॉर-ए पंप बंद पाडते. पंप बंद झाला की बर्बेरिन पेशीत साठते आणि जिवाणूची वाढ थांबते. म्हणजे त्या झुडपाने एक नव्हे, दोन रसायनांची जोडी तयार केली आहे. एक मारणारे आणि दुसरे त्याला वाट मोकळी करून देणारे. वनस्पतींतील एकेक रसायन वेगळे काढून तपासले, तर ते दुबळे का दिसते, याचे एक कारण यातून कळले.

२००२ मध्ये याच दिशेचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुहेरी आवरण असलेल्या ग्रॅम-ऋण जिवाणूंवर वनस्पतिजन्य रसायनांचा परिणाम सहसा होत नाही. परंतु त्यांचे पंप निकामी केल्यावर प्लम्बाजिन, बर्बेरिन यांसारखी अनेक रसायने एकाएकी प्रभावी ठरली. वनस्पतींच्या शस्त्रांना धार आहे, पण जिवाणूंच्या दारावरचा पहारा भारी पडतो, असा त्याचा अर्थ.

कडू कवठाचा दुवा

पाच-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन या नावातच आपल्या भागातील एका वृक्षाचे नाव दडले आहे. हे रसायन त्याआधी चौलमुग्रा तेलातील एक अल्प घटक म्हणून ठाऊक होते. हे तेल हिड्नोकार्पस कुळातील वृक्षांच्या बियांपासून काढतात आणि त्यांपैकी एक जाती सह्याद्रीत उगवते. तिला मराठीत कडू कवठ म्हणतात. संस्कृतातले तिचे नाव तुवरक. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या किनारी वाढणारा वृक्ष म्हणून तुवरकाचे वर्णन आणि त्वचारोगांवर त्याच्या तेलाचा उपयोग दिला आहे.

गोमंतकीयांना जवळची वाटावी अशी आणखी एक नोंद आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच कारभाराखाली तयार झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात हा वृक्ष ‘मरोट्टी’ या मल्याळी नावाने पहिल्याच खंडात येतो. या ग्रंथासाठी माहिती देणाऱ्यांत वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथात छापलेले आहे.

१८५४ मध्ये कलकत्त्यातील डॉक्टर फ्रेडरिक मोआट यांनी चौलमुग्रा तेलाची ओळख पाश्चात्त्य वैद्यकाला करून दिली. त्यानंतर सुमारे नऊ दशके कुष्ठरोगावर जगभर हाच उपचार होता. तेल पोटात घेतले की मळमळे आणि टोचले तर त्वचेखाली गाठी होत. हवाईतील तरुण रसायनशास्त्रज्ञ अॅलिस बॉल यांनी १९१५-१६ च्या सुमारास तेलातील आम्लांपासून टोचता येण्याजोगे द्रव्य तयार केले. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि चौलमुग्रा मागे पडले. पुढे कुष्ठरोगाचा जिवाणू डॅप्सोन या सल्फोनलाही रोधक झाला. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत सुचवली. आज कुष्ठरोग बरा होतो, तो या संयुक्त उपचाराने.

या इतिहासातून दोन धडे मिळतात. वनस्पतीतील द्रव्य जिवाणूजन्य रोगावर उपयोगी पडू शकते, पण ते तेलाच्या बाटलीतून थेट नव्हे, तर शुद्धीकरण, मात्रा आणि चाचण्या यांच्या वाटेने. आणि एकटे औषध, मग ते झाडातले असो वा कारखान्यातले, जिवाणू कालांतराने निष्प्रभ करतात. जोडीने दिलेली औषधे अधिक काळ टिकतात.

साहाय्यक म्हणून वनस्पती

त्यामुळे आजच्या संशोधनाचा बराच रोख वनस्पतींतून नवे प्रतिजैविक शोधण्यापेक्षा जुन्या प्रतिजैविकाला साहाय्य करणारे द्रव्य शोधण्यावर आहे.

मिऱ्यातील पायपेरिन हे त्यातले भारतीय उदाहरण. जम्मूतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की पायपेरिनसोबत दिल्यास सिप्रोफ्लॉक्सासिन स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर कमी मात्रेत काम करते. कारण पुन्हा तोच नॉर-ए पंप. याच संस्थेतील पायपेरिनवरील कामातून क्षयरोगासाठी एक संयुक्त औषधही निघाले. २००९ मध्ये बाजारात आलेल्या या औषधात रिफॅम्पिसिनची मात्रा नेहमीपेक्षा कमी ठेवून सोबत १० मिलिग्रॅम पायपेरिन घातले आहे. येथे पायपेरिनचे काम जिवाणू मारणे नसून रिफॅम्पिसिन रक्तात अधिक प्रमाणात उतरवणे हे आहे.

सर्पगंधेतील रेसर्पिन याच्या उलट बाजूचे उदाहरण. सर्पगंधा रक्तदाबावर उपयोगी पडते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधील निबंधातून जगापुढे ठेवले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. हेच रेसर्पिन जिवाणूंचे पंपही बंद करते. पण त्यासाठी लागणारे प्रमाण माणसाच्या मज्जासंस्थेला घातक ठरते. म्हणून ते प्रयोगशाळेतील साधन म्हणूनच उरले. जिवाणूंचे पंप रोखणारे एकही औषध आजवर जिवाणू-संसर्गाच्या नियमित उपचारात आलेले नाही, यामागचे मोठे कारण ही विषारीपणाची अडचण आहे.

तिसरा मार्ग जिवाणूला न मारता निःशस्त्र करण्याचा. जिवाणू एकमेकांना रासायनिक संदेश देतात आणि संख्या पुरेशी झाली की विषद्रव्ये सोडतात. अमेरिकेतील कॅसान्ड्रा क्वेव्ह यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की युरोपीय चेस्टनटच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकॉकसमधील ही संदेशयंत्रणा बंद करतो. जिवाणू जगतो, पण ऊतींची हानी करू शकत नाही. अशा उपायाने रोधक वाणांना फायदा मिळण्याची शक्यता कमी असते, असा यामागील विचार आहे.

जुन्या पोथ्यांतील कृती जशीच्या तशी तपासण्याचाही प्रयत्न झाला आहे. लसूण, कांद्याच्या वर्गातील दुसरी एक वनस्पती, मद्य आणि बैलाचे पित्त तांब्यापितळेच्या संगतीत नऊ दिवस मुरवण्याची कृती सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथात आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१५ मध्ये ती करून पाहिली, तेव्हा त्या मिश्रणाने प्रयोगशाळेत एमआरएसए मारला. एकेका घटकाने तसा परिणाम साधला नाही. येथेही जोडीचे महत्त्व पुन्हा दिसले.

रुग्णांवरील चाचण्या काय सांगतात?

प्रयोगशाळेतील यश आणि रुग्णाचे बरे होणे यांत मोठे अंतर असते. ते पार करणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत, पण बोलक्या आहेत.

ढाक्यात १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अतिसाराच्या प्रौढ रुग्णांना ४०० मिलिग्रॅम बर्बेरिन एकदा दिले. विष सोडणाऱ्या ई. कोलाय जिवाणूमुळे आजारी असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांचे जुलाब २४ तासांत थांबले. बर्बेरिन न दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. पटकीच्या रुग्णांत मात्र टेट्रासायक्लिनच्या जोडीने बर्बेरिन दिल्यावर अधिक लाभ आढळला नाही.

टी-ट्री तेलाची तुलना इंग्लंडमध्ये रुग्णालयातील नेहमीच्या उपचाराशी करण्यात आली. त्वचेवर व नाकात एमआरएसए बाळगणाऱ्या रुग्णांवरील ही चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तेलाच्या उपचाराने ४१ टक्के, तर नेहमीच्या उपचाराने ४९ टक्के रुग्ण जिवाणूमुक्त झाले. नाकातील जिवाणूंवर नेहमीचे म्युपिरोसिन मलमच बरेच सरस ठरले, तर त्वचेवर तेलाची कामगिरी चांगली होती.

लघवीच्या मार्गातील वारंवार होणाऱ्या संसर्गाबाबत क्रॅनबेरीच्या ५० चाचण्यांचा आढावा कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये घेतला. अशा संसर्गाचा वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांत आणि मुलांत तो पुन्हा होण्याचा धोका क्रॅनबेरीने कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. हा लाभ प्रतिबंधाचा आहे. झालेला संसर्ग त्याने बरा होतो, असे त्यात म्हटलेले नाही. जर्मनीतील एका चाचणीत प्रतिजैविकाऐवजी आधी बेअरबेरीच्या पानांचे औषध देण्यात आले. प्रतिजैविकांचा वापर खूप कमी झाला, पण रुग्णांना त्रास अधिक सोसावा लागला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याच्या घटनाही त्याच गटात अधिक होत्या.

हळदीचे काय?

हळदीतील कुर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध लिहिले गेले आहेत. परंतु औषधी रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्यांची छाननी करून दोन दोष दाखवले. कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते आणि लवकर मोडते. शिवाय अनेक चाचणीपद्धतींत ते प्रत्यक्ष गुण नसतानाही गुण असल्याचा आभास निर्माण करते. लसणीतील अॅलिसिन प्रयोगशाळेत प्रभावी आहे, पण ते लसूण ठेचल्यावरच तयार होते आणि फार काळ टिकत नाही. स्वयंपाकात या पदार्थांना असलेले स्थान अबाधित आहे. रक्तातील संसर्गावर मात्र त्यांचा भरवसा धरता येत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

पायपेरिन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना रोखते. त्यामुळे इतर औषधांचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढू शकते. बर्बेरिन नवजात बालकांतील कावीळ धोकादायक पातळीवर नेऊ शकते. म्हणून गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देऊ नये. आणखी एक धोका सहसा ध्यानात येत नाही. प्रमाणित नसलेला अर्क अपुऱ्या मात्रेत दीर्घकाळ घेतला, तर जिवाणूंना त्याचीही सवय होऊ शकते. फ्लेमिंग यांचा इशारा वनस्पतींनाही लागू आहे.

वनांचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार नियंत्रण आहे. दारुहळदीच्या जागी वापरली जाणारी झाडी हळद ही बर्बेरिनयुक्त वेल दक्षिण सह्याद्रीत अतितोडीमुळे दुर्मीळ झाली आहे. औषध सापडेपर्यंत झाडच उरले नाही, तर संशोधनाला अर्थ राहणार नाही.

रुग्णाने काय करावे?

संशोधनाची दिशा आशादायक असली, तरी आज एखाद्या रुग्णाच्या अहवालातील सर्व औषधे निष्प्रभ असतील, तर त्याला वाचवू शकेल असे वनस्पतिजन्य औषध उपलब्ध नाही. ताप, थंडी, धाप, भ्रम किंवा वेगाने पसरणारी सूज असेल, तर घरगुती उपायांत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो. अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. काढा, चूर्ण वा पूरक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना त्या नावानिशी सांगाव्यात, लपवू नयेत.

रोधकता रोखण्याचा खात्रीचा मार्ग मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. सर्दी-पडसे, फ्लू यांसारख्या विषाणूजन्य आजारांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे त्यांचा आग्रह धरू नये. वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. महत्त्वाच्या अनेक प्रतिजैविकांचा समावेश असलेली ‘एच-१’ अनुसूची २०१४ पासून लागू आहे. त्यातील औषधांच्या विक्रीची, रुग्ण व डॉक्टर यांच्या नावांसह, नोंद ठेवणे औषधविक्रेत्याला बंधनकारक आहे. गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत आणि स्वतःही पुन्हा वापरू नयेत. हात धुणे, शुद्ध पाणी आणि लसीकरण यांनी संसर्गच टळतो, म्हणजे औषधाची वेळच येत नाही.

कडू कवठाच्या बियांतील एक अल्प घटक जिवाणूंचा पंप बंद करू शकतो, हे कळायला सुश्रुताच्या काळापासून एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत वाट पाहावी लागली. त्या ज्ञानाचे औषध होईपर्यंत हातात असलेली प्रतिजैविके टिकवणे, हेच आजचे काम आहे.